खेळ वाचणारी बेकी

(पाठाचा परिचय : बेकी हॅमन ही अमेरिकेची नामांकित बास्केटबॉलपटू. महाविद्यालयाच्या संघापासून तिची कारकीर्द सुरू झाली. पुढे ती परदेशांत व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळली आणि नंतर यशस्वी प्रशिक्षक झाली. तिच्यासाठी अनेक दारे बंद झाली, तरी ती थांबली नाही. तिचा एक निर्णय मात्र फार गाजला आणि त्यावर आजही दोन मते आहेत. त्या निर्णयाचा विचार तुम्हीही करावा, यासाठी हा पाठ आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांनी बास्केटबॉलचा सामना पाहिला असेल. काहींनी हा खेळ खेळलाही असेल. हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता यावे, म्हणून १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला. वाय. एम. सी. ए. या संस्थेमार्फत तो आपल्या देशात आला. मुंबईच्या नागपाडा भागात तर तो चांगलाच रुजला. नागपाड्यात खेळून मोठे झालेले अब्बास मुंतसिर पुढे भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि त्यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला.

बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. जमिनीपासून दहा फूट उंचीवर असलेल्या कड्यात चेंडू टाकायचा असतो. म्हणून हा उंच माणसांचा खेळ, असे सगळे म्हणतात. पण या पाच जणांत एक खेळाडू असा असतो, की ज्याचे काम उंचीवर अवलंबून नसते. त्याला 'पॉइंट गार्ड' म्हणतात. तो चेंडू टप्पे देत पुढे नेतो. आपला कोणता साथीदार कोठे आहे, समोरचा गडी कोठे चुकतो आहे, हे तो धावता धावता पाहतो आणि चेंडू कोणाला द्यायचा ते ठरवतो. चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत तो कड्याकडे फेकावा लागतो. म्हणजे विचार करायला त्याला किती थोडा वेळ मिळतो पाहा! आपण पुस्तक वाचतो, तसा पॉइंट गार्ड खेळ वाचतो.

बेकी हॅमन अशीच एक पॉइंट गार्ड होती.

बेकीचा जन्म ११ मार्च १९७७ रोजी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातील रॅपिड सिटी या गावी झाला. घरी मोठी बहीण आणि भाऊ होते. त्यांच्याबरोबर खेळता खेळता तिला बास्केटबॉलची गोडी लागली. शाळेत ती उत्तम खेळत असे. पण तिची उंची पाच फूट सहा इंचच भरली. मोठ्या महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांना ती ठेंगणी वाटली. शेवटी कोलोराडो स्टेट विद्यापीठाने तिला आपल्या संघात घेतले.

या संधीचे बेकीने सोने केले. १९९५ ते १९९९ या चार वर्षांत तिने विद्यापीठासाठी २,७४० गुण मिळवले. त्या विद्यापीठाचा संघ ज्या विभागात खेळत असे, त्या विभागात एवढे गुण तोपर्यंत कोणीही मिळवले नव्हते. मुलींनी नाही आणि मुलांनीही नाही. तिच्या शेवटच्या वर्षी संघाने ३६ पैकी ३३ सामने जिंकले.

आता व्यावसायिक संघ तिला बोलावतील, असे कोणालाही वाटले असते. पण तसे घडले नाही. अमेरिकेत स्त्रियांच्या दोन व्यावसायिक स्पर्धा होत्या. त्यांपैकी एक स्पर्धा १९९८ च्या डिसेंबरात बंद पडली. त्यामुळे तिच्यातील नावाजलेल्या खेळाडू मोकळ्या झाल्या. १९९९ साली डब्ल्यू. एन. बी. ए. या दुसऱ्या स्पर्धेतील संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली, तेव्हा त्यांनी बहुतेक अशाच अनुभवी खेळाडू घेतल्या. निवडीच्या यादीत बेकीचे नाव कोठेच नव्हते.

बेकी नाउमेद झाली नाही. 'न्यूयॉर्क लिबर्टी' या संघाच्या सराव शिबिरात तिला जागा मिळाली. तेथे तिने कंबर कसली आणि मेहनतीच्या जोरावर संघात प्रवेश मिळवला. पण या संघात टेरेसा वेदरस्पून ही नामवंत पॉइंट गार्ड आधीपासून होती. त्यामुळे बेकीला बराच काळ राखीव खेळाडूंच्या बाकावर बसावे लागे.

मुलांनो, बाकावर बसणे कोणालाच आवडत नाही. पण बाकावरून एक गोष्ट चांगली होते : सगळा खेळ डोळ्यांसमोर दिसतो. बेकी सरावात वेदरस्पूनशी झुंजत होती आणि सामन्यात तिचा खेळ जवळून पाहत होती. पुढे वेदरस्पून संघातून गेल्यावर २००४ पासून संघाची सूत्रे बेकीच्या हाती आली. २००७ साली ती 'सॅन अँटोनिओ सिल्व्हर स्टार्स' या संघात गेली. त्याच वर्षी साथीदारांना गुण मिळवून देणारे पास देण्यात ती सगळ्या स्पर्धेत पहिली आली. वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडण्यासाठी मतदान झाले, त्यात तिला दुसरे स्थान मिळाले.

आता पाठातील महत्त्वाच्या भागाकडे वळू.

अमेरिकेत स्त्रियांची ही स्पर्धा उन्हाळ्यात असते. तेथे त्या काळी मिळणारा पगार पुरुष खेळाडूंच्या मानाने फारच थोडा होता. म्हणून अनेक खेळाडू हिवाळ्यात युरोपात खेळायला जात. तेथील संघ त्यांना कितीतरी जास्त पैसे देत. बेकी स्पेनमध्ये खेळली. नंतर तिने रशियातील मॉस्को शहराच्या 'सी. एस. के. ए.' या संघाशी करार केला. वर्षाचे काही महिने स्वदेशात आणि काही महिने परक्या मुलखात, असे तिचे आयुष्य सुरू झाले. वेगळी भाषा, कडाक्याची थंडी आणि नवे साथीदार यांच्याशी तिने जुळवून घेतले.

२००८ साली चीनमधील बीजिंग येथे ऑलिंपिक स्पर्धा व्हायच्या होत्या. देशासाठी ऑलिंपिकमध्ये खेळावे, हे बेकीचे लहानपणापासूनचे स्वप्न होते. अमेरिकेने आपल्या संभाव्य २३ खेळाडूंची यादी तयार केली. त्या यादीत बेकीचे नाव नव्हते. तेव्हा ती तीस वर्षांची होती. पुढची संधी चार वर्षांनी येणार होती आणि ती मिळेलच, याची खात्री नव्हती.

त्याच सुमारास रशियाने तिला आपल्या राष्ट्रीय संघात येण्याचे आमंत्रण दिले. अमेरिकेचे नागरिकत्व न सोडता तिने रशियाचेही नागरिकत्व घेतले आणि रशियाचा गणवेश अंगावर चढवला.

तिच्यावर टीकेची झोड उठली. एके काळी अमेरिका आणि रशिया यांच्यात मोठे वैर होते. ते लोकांच्या मनातून गेले नव्हते. अमेरिकेच्या संघाच्या प्रशिक्षक ॲन डोनोव्हन यांनी तर या कृतीत देशभक्ती नाही, असे जाहीरपणे सांगितले. ज्या देशात आपण वाढलो, ज्याच्या मैदानांवर घडलो, त्याच देशाच्या विरुद्ध खेळायचे कसे, असे त्यांच्या बाजूच्या लोकांना वाटत होते. बेकीचे म्हणणे वेगळे होते. आपले आपल्या देशावर प्रेम आहे, पण हा खेळ आहे. देशाच्या संघात जागा नसेल तर ऑलिंपिकचे स्वप्न दुसऱ्या मार्गाने पुरे करण्यात गैर काय, असे तिला वाटत होते. या करारातून तिला पैसाही मिळणार होता, हेही खरे. तिच्या टीकाकारांनी ते बोलून दाखवले.

आणि योगायोग पाहा! ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात रशियाची गाठ अमेरिकेशीच पडली. अमेरिकेने तो सामना ६७-५२ असा जिंकला. बेकीला त्या सामन्यात विशेष काही करता आले नाही. पण तिसऱ्या स्थानासाठी यजमान चीनशी झालेल्या लढतीत तिने २२ गुण मिळवले. रशियाने ९४-८१ असा विजय मिळवला आणि बेकीच्या गळ्यात कांस्यपदक पडले. सुवर्णपदक अमेरिकेने जिंकले. २०१२ साली लंडन येथेही ती रशियाकडून खेळली. त्या वेळी रशियाचा संघ चौथा आला.

बेकीने केले ते बरोबर होते का? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. दोन्ही बाजू नीट ऐकून तुम्ही आपले मत बनवा. एवढे मात्र लक्षात ठेवा, की ज्यांच्याविरुद्ध ती खेळली, त्याच अमेरिकन खेळाडूंबरोबर ती दरवर्षी उन्हाळ्यात स्वदेशातही खेळत राहिली. तिने कोणापासून तोंड लपवले नाही.

लंडनहून परतताना विमानात तिच्या जवळच्याच आसनावर एक प्रवासी होते. त्यांचे नाव ग्रेग पोपोविच. ते 'सॅन अँटोनिओ स्पर्स' या पुरुषांच्या संघाचे विख्यात प्रशिक्षक होते. पुरुषांच्या एन. बी. ए. या स्पर्धेतील हा एक बलाढ्य संघ. वाटेत दोघांच्या खूप गप्पा झाल्या. त्या बास्केटबॉलपेक्षा इतर विषयांवरच जास्त होत्या. या मुलीला स्वतःची मते आहेत आणि ती मांडण्याचे धैर्यही आहे, हे पोपोविच यांनी हेरले.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, सामन्यात बेकीचा गुडघा दुखावला. एवढी मोठी दुखापत बरी व्हायला जवळजवळ वर्ष लागते. तेव्हा ती ३६ वर्षांची होती. पण ती हातावर हात ठेवून बसली नाही. आपल्याला प्रशिक्षणाचे काम शिकायचे आहे, म्हणून सरावाला हजर राहू द्यावे, अशी विनंती तिने पोपोविच यांना केली. त्यांनी होकार दिला. लंगडत येणारी बेकी स्पर्सच्या बैठकांना बसू लागली. प्रशिक्षक सामन्याची आखणी कशी करतात, खेळाडूंची समजूत कशी घालतात, हे ती पाहू लागली. विचारले असता ती आपले मत स्पष्टपणे सांगत असे. पहिल्या वर्षी न्यूयॉर्कच्या बाकावर तिने जे केले, तेच ती पुन्हा करत होती. ती खेळ वाचत होती.

५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्स संघाने तिची साहाय्यक प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली. एन. बी. ए. मध्ये पूर्ण वेळ पगारी साहाय्यक प्रशिक्षक होणारी ती पहिली स्त्री ठरली. उंचपुऱ्या पुरुष खेळाडूंना पाच फूट सहा इंचांची स्त्री काय शिकवणार, अशी शंका काही जणांनी घेतली. त्या शंकेला बेकीने कामातून उत्तर दिले. २०१५ साली लास व्हेगास येथील उन्हाळी स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली स्पर्सच्या तरुण संघाने विजेतेपद मिळवले.

३० डिसेंबर २०२० या दिवशी आणखी एक घटना घडली. लॉस एंजेलिस लेकर्स संघाविरुद्ध सामना चालू होता. पंचांशी वाद झाल्यामुळे पोपोविच यांना मैदान सोडावे लागले. जाता जाता त्यांनी बेकीकडे बोट दाखवले आणि संघाची जबाबदारी तिच्यावर सोपवली. एन. बी. ए. च्या सामन्यात मुख्य प्रशिक्षकाचे काम पाहणारी ती पहिली स्त्री होती. स्पर्स तो सामना हरले, पण त्या दिवसाची नोंद इतिहासात झाली.

पुरुषांच्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळावे, म्हणून बेकीने प्रयत्नांची शिकस्त केली. काही संघांनी तिला मुलाखतीला बोलावले, पण निवड मात्र दुसऱ्यांची झाली. तेव्हा तिने आणखी वाट पाहत बसण्याऐवजी ३१ डिसेंबर २०२१ रोजी 'लास व्हेगास एसेस' या स्त्रियांच्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले. गंमत अशी, की सॅन अँटोनिओचा तिचा जुना संघच २०१८ साली लास व्हेगासला गेला होता आणि त्याने हे नवे नाव घेतले होते.

बेकी खेळाडू म्हणून डब्ल्यू. एन. बी. ए. मध्ये सोळा वर्षे खेळली. या काळात तिचा संघ चार वेळा अंतिम फेरीत पोचला : न्यूयॉर्ककडून १९९९, २००० आणि २००२ साली, तर सॅन अँटोनिओकडून २००८ साली. चारही वेळा पदरी निराशाच आली. जे खेळाडू म्हणून मिळाले नाही, ते तिला प्रशिक्षक म्हणून मिळाले. २०२२ साली, पहिल्याच वर्षी, एसेस संघ विजेता झाला आणि बेकी वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरली. २०२३ साली एसेसने पुन्हा विजेतेपद मिळवले. त्या वेळी अंतिम फेरीत समोर होता न्यूयॉर्कचाच संघ. निर्णायक सामन्यात एसेसच्या दोन प्रमुख खेळाडू जखमी असल्यामुळे खेळू शकल्या नाहीत. तरीही संघाने ७०-६९ असा एका गुणाने विजय मिळवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेकीचा बास्केटबॉलच्या कीर्तिभवनात समावेश झाला. त्याच समारंभात पोपोविच यांचाही तसाच गौरव झाला. गुरू आणि शिष्या एकाच दिवशी मानकरी झाले.

यश मिळाले की ते टिकतेच असे नाही. २०२४ साली एसेसला विजेतेपद राखता आले नाही. २ ऑगस्ट २०२५ रोजी तर मिनेसोटाच्या संघाने एसेसला त्यांच्याच मैदानावर ५३ गुणांनी हरवले. तोपर्यंत एसेसने १४ सामने जिंकले होते आणि १४ गमावले होते. आता हा संघ संपला, असे अनेकांना वाटले. पण दुसऱ्याच दिवशी एसेसने सामना जिंकला. त्यानंतर साखळीत तो संघ एकदाही हरला नाही. त्याने ओळीने १६ सामने जिंकले आणि ऑक्टोबरमध्ये फिनिक्सच्या संघाला अंतिम फेरीत ४-० असे नमवून तिसरे विजेतेपद पटकावले.

मुलांनो, बेकीला वाटेत किती वेळा 'नाही' ऐकावे लागले, ते मोजून पाहा. प्रत्येक वेळी ती पुढच्या वाटेला लागली. पायांत बळ होते तोवर ती मैदानातून खेळ पाहत होती. गुडघा दुखावला तेव्हा बाकावरून पाहू लागली. आपल्या साथीदाराला कोठे मोकळी जागा मिळेल, हे शोधणारी नजर तिच्याजवळ होती. ती नजर उंचीवर, वयावर किंवा गणवेशाच्या रंगावर अवलंबून नव्हती. तुम्ही बाकावर बसलेले असाल, तर मान खाली घालू नका. समोर खेळ चालू आहे. तो वाचायला शिका.

शब्दार्थ

नामांकित – प्रसिद्ध
कारकीर्द – कामाचा किंवा पदाचा काळ
गडी – खेळाडू
ठेंगणी – कमी उंचीची
व्यावसायिक खेळाडू – खेळ हाच ज्याच्या कमाईचा मार्ग आहे असा खेळाडू
राखीव – गरज पडेल तेव्हा वापरण्यासाठी ठेवलेला
संभाव्य – होण्याची शक्यता असलेला
उपांत्य – शेवटच्या आधीचा
यजमान – ज्याच्या घरी किंवा देशात कार्यक्रम आहे तो
बलाढ्य – फार ताकदवान
कीर्तिभवन – थोर व्यक्तींच्या गौरवासाठी उभारलेली वास्तू

स्वाध्याय

प्रश्न १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) बास्केटबॉलचा खेळ कोणी शोधून काढला?
(२) पॉइंट गार्डचे काम कोणते?
(३) बेकीने कोलोराडो स्टेट विद्यापीठासाठी किती गुण मिळवले?
(४) बीजिंग ऑलिंपिकमध्ये बेकीला कोणते पदक मिळाले?
(५) बेकी आणि पोपोविच यांच्या विमानात गप्पा केव्हा झाल्या?

प्रश्न २. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(मॉस्को, राखीव, सोळा, लास व्हेगास)
(१) बेकीला बराच काळ ...... खेळाडूंच्या बाकावर बसावे लागे.
(२) सी. एस. के. ए. हा ...... शहराचा संघ आहे.
(३) २०१८ साली सॅन अँटोनिओचा संघ ...... येथे गेला.
(४) बेकी डब्ल्यू. एन. बी. ए. मध्ये ...... वर्षे खेळली.

प्रश्न ३. कारणे द्या.
(१) १९९९ साली कोणत्याही संघाने बेकीची निवड केली नाही.
(२) अमेरिकेतील अनेक स्त्री खेळाडू हिवाळ्यात युरोपात खेळायला जात.
(३) बेकीवर टीकेची झोड उठली.

प्रश्न ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) बाकावर बसून बेकी काय काय शिकली?
(२) २०२५ साली एसेस संघाने हार पचवून यश कसे मिळवले?

प्रश्न ५. वर्गात दोन गट करा आणि चर्चा करा.
बेकीने रशियाकडून खेळणे योग्य होते का? एका गटाने बेकीची बाजू मांडावी, दुसऱ्याने तिच्या टीकाकारांची. नंतर गटांनी बाजू बदलून पुन्हा बोलावे.

भाषाभ्यास

(अ) पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
संधीचे सोने करणे, कंबर कसणे, टीकेची झोड उठणे, हातावर हात ठेवून बसणे, पदरी निराशा येणे.

(आ) मैदान, मेहनत, नजर, हजर, जाहीर, करार हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधून लिहा.

(इ) काही शब्द दोन्ही भाषांत असतात, पण त्यांचा अर्थ बदलतो. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त करणे' म्हणजे होईल तेवढा प्रयत्न करणे. हा वाक्प्रचार वापरून दोन वाक्ये लिहा.

उपक्रम : तुमच्या शाळेच्या किंवा वस्तीच्या संघातील एखाद्या राखीव खेळाडूची मुलाखत घ्या आणि ती दहा ओळींत मराठीत लिहा.